जबाबातला ‘म्हणून’ कोणाचा? मराठीतील उभयान्वयी अव्ययांची गोष्ट

वडगाव निंबाळकर (ता. बारामती) : पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेतली जाते तेव्हा पहिले वाक्य जवळजवळ ठरलेले असते. फिर्यादीचे नाव, वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि मग ‘समक्ष हजर राहून फिर्यादी जबाब देतो की’. शेवटचे वाक्यही ठरलेले : ‘म्हणून माझी त्यांच्याविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे.’ एका टोकाला ‘की’, दुसऱ्या टोकाला ‘म्हणून’ आणि मध्ये माणसाची हकिगत. नीरा-बारामती रस्त्यावरील वडगाव निंबाळकर येथे पोलीस ठाणे आहे. तालुक्याच्या पश्चिम भागातील अनेक गावांच्या फिर्यादी तेथे नोंदल्या जातात. भांडण बांधाचे असो, पाण्याच्या पाळीचे असो वा उसनवारीचे. त्याचा कागद होतो तेव्हा बोललेली मराठी आणि लिहिलेली मराठी यांची गाठ पडते. या दोन मराठींमधला सर्वांत मोठा फरक अवघड शब्दांत नसतो. तो असतो दोन वाक्ये जोडणाऱ्या इवल्याशा शब्दांत.

या शब्दांना व्याकरणात उभयान्वयी अव्यये म्हणतात. उभय म्हणजे दोन आणि अन्वय म्हणजे संबंध. दोन शब्दांचा किंवा दोन वाक्यांचा संबंध जोडणारा, आणि स्वतः लिंग, वचन, विभक्ती यांनी न बदलणारा शब्द, अशी शाळेत शिकवली जाणारी व्याख्या आहे. पाठ्यपुस्तकात त्यांचे दोन मोठे गट पडतात. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’, ‘म्हणून’ ही बरोबरीच्या वाक्यांना जोडणारी, म्हणजे प्रधानत्वबोधक. तर ‘की’, ‘कारण’, ‘जर-तर’, ‘जरी-तरी’ ही एका वाक्याला दुसऱ्यावर अवलंबून ठेवणारी, म्हणजे गौणत्वबोधक. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापर्यंत आणि पुढे मो. रा. वाळंबे यांच्या विद्यार्थिप्रिय पुस्तकापर्यंत ही विभागणी कमीअधिक फरकाने चालत आली आहे. परीक्षेसाठी ती पुरेशी आहे. कागदावर सही करणाऱ्याला मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही. कारण एकच शब्द या विभागणीत तीन-चार ठिकाणी उभा दिसतो आणि तो नेमक्या कोणत्या अर्थाने आला आहे, यावरच सारे अवलंबून असते.

न जोडता जोडणे

आधी बोलण्यातली मराठी पाहू. बारामती-इंदापूर भागात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि पाण्याची पाळी हा बोलाचालीचा कायमचा विषय झाला. समजा, एखादा शेतकरी सांगतो : ‘त्यानं दारं फोडलं, मी गेलो, बोलाचाली झाली.’ (दारे म्हणजे पाटातून वाफ्यात पाणी सोडण्याचे तोंड.) या कल्पित वाक्यात तीन घटना आहेत, पण उभयान्वयी अव्यय एकही नाही. मराठी बोलणारा माणूस घटना एकापुढे एक ठेवत जातो आणि त्यांचा संबंध ऐकणाऱ्याने समजून घ्यायचा असतो. फार तर मध्ये एखादा ‘आन्’ किंवा ‘मंग’ येतो.

जोडायचेच असेल तर मराठीची आवडती जागा क्रियापदाच्या शेपटीला आहे. ‘तो आला आणि त्याने दारे फोडले आणि तो निघून गेला’ असे मराठी माणूस सहसा बोलत नाही. तो म्हणतो : ‘तो येऊन दारे फोडून निघून गेला.’ येऊन, फोडून, निघून. ‘ऊन’ प्रत्यय लागलेली ही धातुसाधिते म्हणजे मराठीचे खरे सांधे. ती उभयान्वयी अव्ययांच्या यादीत नसतात, पण त्यांचे अर्धेअधिक काम हीच करतात. शिवाय त्यांचा एक गुण कागदाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. माणसाच्या हातून घडणाऱ्या कृतींची अशी माळ लावली की बहुतेक वेळा सगळ्या कृतींचा कर्ता एकच ठरतो. ‘तो येऊन दारे फोडून गेला’ यात फोडणारा कोण, याबद्दल शंका उरत नाही. ‘तो आला आणि दारे फोडले गेले’ असे लिहिले की कर्ता निसटतो. (‘पाऊस पडून पीक आडवे झाले’ यासारख्या वाक्यांत कर्ते दोन असतात, पण तिथे कोणी मुद्दाम काही केलेले नसते.)

दुसरी रीत समासाची. आईवडील, मीठभाकर, बरेवाईट, खरेखोटे. यांतला ‘आणि’ किंवा ‘किंवा’ गाळलेला असतो आणि तो विग्रह करताना बाहेर येतो. ‘आईवडील’मध्ये ‘आणि’ लपलेला आहे, ‘खरेखोटे’मध्ये ‘किंवा’. ‘मीठभाकर’ म्हटले की मीठ, भाकर आणि त्यासोबतचे सगळे आले. व्याकरणात हेच इतरेतर, वैकल्पिक आणि समाहार द्वंद्व. गावाच्या नावातही न जोडता जोडलेले दोन शब्द दिसतात. मावळातले वडगाव वेगळे, पुण्यालगतचे वडगाव शेरी वेगळे आणि निंबाळकर हे नाव मिरवणारे नीरेकाठचे वडगाव वेगळे.

दप्तराबरोबर आलेले शब्द

आता लिहिलेली मराठी. ‘आणि’ हा शब्द अस्सल घरचा. संस्कृत ‘अन्य’पासून प्राकृतामार्गे आलेला. जुन्या मराठीतला ‘आणिक’ (दुसरा, आणखी) त्याचाच भाऊबंद. ‘पण’ हा संस्कृत ‘पुनर्’चा वंशज. ‘किंवा’, ‘अथवा’, ‘परंतु’, ‘तथापि’ हे संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले. त्यामुळे त्यांना आजही थोडा पुस्तकी वास आहे. घराच्या ओट्यावर बसून ‘तथापि’ म्हणणारा माणूस विरळाच.

तिसरा गट दप्तराबरोबर आला. बहमनी, निजामशाही, आदिलशाही अशा राजवटींत फारशी ही दरबाराची भाषा होती आणि महसुलाचे, न्यायनिवाड्याचे मराठी कागद तिच्या सावलीत लिहिले जात होते. अरबी शब्द फारशीमार्गे मराठीत आले ते याच वाटेने. ‘व’ हा अरबी-फारशी ‘व’. ‘सबब’ म्हणजे अरबीत कारण. मराठी अर्जात ‘सबब विनंती की’ अशी एकत्र बसलेली दोन पाहुणी अव्यये आजही दिसतात. ‘शिवाय’ आणि ‘बाकी’ यांचे मूळही तिकडचेच. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश झाला आणि कितीतरी फारशी नामांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पेशव्याला पंतप्रधान आणि मुजुमदाराला अमात्य म्हणता येते. पण ‘व’ला काय म्हणायचे? अशा शब्दांकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणूनच ते टिकतात. राज्य गेले, लिपीचे वळण बदलले, मोडी मागे पडली. ‘व’ कागदावर तसाच राहिला. तो बोलण्यात मात्र फारसा उतरला नाही. ‘मी व तू जाऊ’ असे घरात कोणी म्हणत नाही. ‘व’ दिसला की समजावे, वाक्य कचेरीतून किंवा वृत्तपत्रातून आलेले आहे.

‘की’ची कथा थोडी गुंतागुंतीची आहे. मराठीत ‘की’ दोन आहेत. ‘चहा घेणार की कॉफी?’ यातला ‘की’ विकल्प विचारणारा. त्याचा संबंध संस्कृत ‘किम्’शी जोडतात. ‘त्याने सांगितले की पाणी आले’ यातला ‘की’ पुढच्या वाक्याचे दार उघडणारा. त्यावर फारशी ‘के’ची छाप असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. हे काम पूर्वी ‘जे’ हा घरचा शब्दही करीत असे. पेशवेकालीन पत्रांच्या आरंभी येणारे ‘विज्ञापना ऐसीजे’ हे त्याचेच रूप. आजच्या फिर्यादीतला ‘जबाब देतो की’ आणि त्या पत्रांतला ‘ऐसीजे’ एकाच खुर्चीवर बसलेले दोन कारकून म्हणावेत.

बारामतीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या मोरोपंतांना (१७२९–१७९४) या शब्दांचा निराळाच उपयोग होता. आर्या हे मात्रांवर चालणारे वृत्त. ‘परी’ दीर्घ लिहिले तर तीन मात्रा, ‘परि’ ऱ्हस्व लिहिले तर दोन. ‘जरी-जरि’, ‘तरी-तरि’ यांचेही तसेच. आर्यांची रास रचणाऱ्या कवीला असे लवचीक शब्द हाताशी असणे ही मोठीच सोय. गद्याला ती मुभा नाही.

एक ‘म्हणून’, पाच कामे

मराठीतले सर्वांत कष्टाळू अव्यय कोणते, असे विचारले तर ‘म्हणून’चे नाव घ्यावे लागेल. मुळात ते अव्ययच नव्हे. ‘म्हणणे’ या क्रियापदाचे ‘ऊन’ लागलेले रूप. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) मराठीत ते ‘म्हणौनि’ असे जागोजागी भेटते. बोलीत त्याचे ‘म्हनून’, ‘म्हून’ होते.

‘येतो म्हणून गेला’ यात ते दुसऱ्याचे बोलणे पोचवते. ‘पाऊस झाला म्हणून लागण उशिरा झाली’ यात कारण सांगते. ‘मुले शिकावीत म्हणून जमीन विकली’ यात हेतू सांगते. ‘मोरोपंत म्हणून एक कवी होऊन गेले’ यात नाव सांगते, आणि ‘साक्षीदार म्हणून सही केली’ यात भूमिका. बोलणे, कारण, हेतू, नाव, भूमिका, शब्द तोच. ‘म्हणणे’ या क्रियापदातून असा सांधा घडवण्याची रीत मराठीच्या शेजारच्या द्राविड भाषांतही आहे. कन्नडमधील ‘एंदु’, तेलुगूतील ‘अनि’, तमिळमधील ‘एन्रु’ हे सारे मुळात ‘म्हणून’च. मराठी आणि कन्नड यांचा सहवास शतकानुशतकांचा असल्याने हे साम्य त्या शेजाराचे फळ मानले जाते.

‘की’ आणि ‘म्हणून’ यांच्या जागाही उलट आहेत. ‘म्हणून’ सांगितलेल्या गोष्टीच्या मागे येतो : ‘पाणी सुटणार म्हणून कळले.’ ‘की’ तिच्या पुढे येतो : ‘कळले की पाणी सुटणार.’ पहिली रचना मराठीच्या मूळ स्वभावाची, क्रियापद शेवटी ठेवणारी. दुसरी आधी फारशीच्या आणि पुढे इंग्रजीच्या सोबतीने बळावली. वृत्तपत्रांनी यांतून तिसरीच वाट काढली : ‘पाणी सोमवारी सुटेल, असे अधिकाऱ्यांनी सांगितले.’ इंग्रजी बातमीचे घाईघाईने भाषांतर होते तेव्हा मात्र ‘त्यांनी सांगितले की’, ‘ते पुढे म्हणाले की’ यांची रांग लागते. ती चुकीची नाही. कानाला खडखडते एवढेच.

आता त्या कल्पित शेतकऱ्याकडे परत जाऊ. त्याने सांगितले होते : ‘त्यानं दारं फोडलं, मी गेलो, बोलाचाली झाली.’ कागदावर हे वाक्य असे उतरू शकते : ‘त्याने दारे फोडले म्हणून मी तेथे गेलो असता आमच्यात बोलाचाली झाली.’ भाषा शुद्ध झाली, वाक्य सलग झाले. पण एक गोष्ट वाढली. मूळ बोलण्यात तो का गेला, हे सांगितलेले नव्हते. तो कदाचित रोजच्यासारखा पाळी पाहायला गेला असेल. ‘म्हणून’ने त्याला कारण दिले, दारे फोडल्याचे आधीच ठाऊक होते आणि तो त्यासाठीच गेला, असा अर्थ आला. ‘जाब विचारावा म्हणून गेलो’ असे लिहिले तर कारणाच्या जागी हेतू येतो. मारहाणीच्या प्रकरणात आधीपासूनचा हेतू होता की जागच्या जागी ठिणगी पडली, हा प्रश्न कळीचा असतो. तो प्रश्न एका अव्ययाने सुटणार नाही, पण उलटतपासणीत बोट मात्र त्याच शब्दावर ठेवले जाते. लिहिणाऱ्याचा त्यात काही कावा असतो, असे नव्हे. सुटी वाक्ये कागदावर अडाणी दिसतात, ती जोडून घ्यावीत, हे शाळेपासून शिकवलेले असते. आणि जोडायला हाताशी सर्वांत जवळ असतो तो ‘म्हणून’.

‘असता’ आणि ‘असून’ ही त्याच घराण्यातली. ‘गेलो असता’ यात केवळ वेळ आहे, कारण नाही. त्यामुळे ज्याला कारण जोडायचे नाही त्याच्यासाठी ‘असता’ हा सुरक्षित सांधा. ‘असून’ मात्र बातमीदारांनी इतका झिजवला आहे की त्याने जोडलेल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतोच, असे आता सांगता येत नाही.

अम्हारिकमध्येही ‘म्हणून’

मराठीचे हे वळण जगावेगळे वाटेल, पण त्याचा एक जुळा भाऊ आफ्रिकेत आहे. इथिओपियात राज्यकारभारासाठी वापरली जाणारी अम्हारिक ही भाषा कुळाने अरबी आणि हिब्रूची नातलग, म्हणजे सेमिटिक. महाराष्ट्राला हा देश ‘हबसाण’ म्हणून आणि तेथील माणसे ‘हबशी’ म्हणून परिचित आहेत. मलिक अंबर (मृत्यू १६२६) आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांची नावे इतिहासाच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असतात. भाषांचे साम्य मात्र या येण्याजाण्यातून आलेले नाही. अम्हारिक आपल्या शेजारच्या कुशिटिक भाषांच्या सहवासात बदलली आणि मराठीसारखीच क्रियापद शेवटी ठेवू लागली. क्रियापद शेवटी आले की सांधेही त्याच्या आसपास गोळा होतात. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात भारतीय उपखंडातील भाषांची समान लक्षणे नोंदवताना इथिओपियातील भाषांशी असलेल्या या साम्याकडे लक्ष वेधले होते.

‘खाऊन गेला’ याला अम्हारिकमध्ये ‘बेल्तो हेदे’ म्हणतात. ‘बेल्तो’ म्हणजे खाऊन, ‘हेदे’ म्हणजे गेला. फरक इतकाच, की मराठीतला ‘खाऊन’ स्त्री असो वा पुरुष, बदलत नाही; अम्हारिकमध्ये ती खाऊन गेली तर ‘बेल्ता हेदेच’ असे दोन्ही शब्द बदलतात. म्हणजे तिथे कर्ता प्रत्येक सांध्यावर नोंदलेला असतो. ‘येतो म्हणून गेला’ हे वाक्य अम्हारिकमध्ये ‘इमेतालेहु ब्लो हेदे’ असे होते. ‘इमेतालेहु’ म्हणजे मी येईन आणि ‘ब्लो’ म्हणजे म्हणून, अगदी शब्दशः. बोलणाऱ्याचे ‘मी’ दोन्ही भाषांत तसेच राहते.

विकल्पाचे साम्य तर मराठी शिक्षकाला वर्गात सांगण्याजोगे आहे. मराठीत विधान करताना ‘चहा किंवा कॉफी’ म्हणतात आणि विचारताना ‘चहा की कॉफी?’ म्हणतात. अम्हारिकमध्येही विधानात ‘वेयिम’ आणि प्रश्नात ‘वेयिस’ येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. ‘पण’ या अर्थाचा ‘गिन’ कर्त्याच्या मागेही बसू शकतो : ‘इसु गिन’ म्हणजे तो मात्र. मराठीतला ‘पण’ मागे बसला तर अर्थच पालटतो. ‘पण तो आला’ यात विरोध आहे. ‘तो पण आला’ यात ‘तोही आला’ एवढेच. त्यासाठी अम्हारिकला वेगळा ‘म’ प्रत्यय आहे. ‘इने’ म्हणजे मी, ‘इनेम’ म्हणजे मीही.

कारण आणि अट या गोष्टी अम्हारिक क्रियापदाच्या पुढे चिकटवते. ‘सिलेमेता’ म्हणजे तो आल्यामुळे, ‘बिमेता’ म्हणजे तो आला तर. मराठीत ‘जर-तर’ची जोडी असली तरी बोलण्यात ‘जर’ गळतो आणि ‘आला तर’ एवढेच उरते. ‘आणि’साठी अम्हारिकमध्ये शब्दाला ‘न्ना’ जोडतात. ‘बुन्नान्ना शाय’ म्हणजे कॉफी आणि चहा. गंमत अशी, की इथिओपियाची जुनी धर्मभाषा गीज हिच्यात ‘आणि’ला ‘व’ म्हणतात, अरबीसारखेच. म्हणजे जो सेमिटिक ‘व’ अम्हारिकने रोजच्या बोलण्यातून बाजूला ठेवला, तो मराठी माणूस बँकेच्या अर्जावर दररोज लिहितो.

अम्हारिकचे पहिले छापील व्याकरण जर्मन विद्वान हिओब लुडोल्फ यांनी १६९८ मध्ये काढले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८०५ मध्ये आले. दोन्ही युरोपीय पंडितांनी लिहिलेली. जोडणारे शब्द स्वतंत्रच असतात, ही युरोपीय भाषांची सवय या व्याकरणांच्या पाठीशी होती. अव्ययांच्या यादीत ‘ऊन’ला जागा का मिळाली नाही, याचे एक उत्तर तिथेही शोधता येईल.

‘व’ आणि ‘किंवा’ यांची किंमत

पैशांच्या कागदात विकल्प आणि समुच्चय यांतला फरक रोख असतो. दोघांच्या नावे खाते उघडताना ‘दोघांनी मिळून’ आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ यांतला एक पर्याय निवडावा लागतो. पहिल्यात ‘आणि’ आहे. दोन सह्या लागतात. दुसऱ्यात ‘किंवा’ आहे, एक पुरते. पतीपत्नीच्या ठेवीवर पहिला पर्याय नोंदला गेला असेल तर एकाच्या निधनानंतर दुसऱ्याला एकट्याच्या सहीवर पैसे काढता येत नाहीत, कागदपत्रांची पूर्तता करावी लागते. ऊसबिलाचे पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात, अशा भागात हा प्रश्न घरोघरचा आहे. चेकवरही एक उभयान्वयी अव्यय छापलेले असते. ‘ऑर बेअरर’, हिंदीत ‘या धारक को’. हे शब्द खोडले की चेक हातात असलेल्या कोणालाही पैसे मिळण्याची वाट बंद होते.

मृत्युपत्रात ‘पत्नी व मुलगा यांना’ लिहिले तर दोघे वारस. ‘पत्नी किंवा मुलगा यांना’ लिहिले तर कोण, हा वाद. ‘आणि/किंवा’ अशी तिरकी रेघ मारून लिहिण्याची इंग्रजी पद्धत मराठी करारनाम्यांतही आली आहे. दोन्ही दारे उघडी ठेवण्याची सोय म्हणून ती बरी. पण कोणते दार उघडे आहे हे मग तिसऱ्याने ठरवायचे. सातबारा उताऱ्याने ही अडचण वेगळ्या रीतीने टाळली आहे. तिथे नावे एकाखाली एक येतात, मध्ये अव्यय नसते आणि एकत्र मालकी ‘सामाईक’ या शब्दाने दाखवली जाते.

‘यांना’, ‘यांनी’ हा शब्दही दुर्लक्षिलेला आहे. ‘अर्जदार व त्यांची पत्नी यांनी’ या रचनेत विभक्तीचा भार ‘यांनी’वर पडतो आणि त्याआधीची सर्व नावे त्या एका दोरीत ओवली जातात. ती दोरी कुठे संपते, हे ‘यांनी’ सांगतो. तो गाळला की यादीतल्या शेवटच्याच माणसाने काही केले, असे वाटू लागते. क्रियापदाचेही तसेच. ‘राम आणि सीता आले’ यात अनेकवचन. ‘राम किंवा सीता आली’ यात क्रियापद जवळच्या नावामागे जाते.

लेखनाचे दोन नियम

वृत्तपत्रांच्या वाचकपत्रांतही अनेकदा दिसणारी चूक म्हणजे ‘कि’. हिंदीत हे अव्यय ऱ्हस्व आहे, मराठीत दीर्घ : ‘की’. मराठी शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांतला प्रसिद्ध नियम. ‘आणि’ व ‘नि’ हे त्याला अपवाद. ‘परंतु’, ‘तथापि’ ही संस्कृत अव्ययेही ऱ्हस्वान्तच राहतात. म्हणजे ज्या शब्दांना हा नियम लागू होत नाही, त्यांत उभयान्वयी अव्ययांचा भरणा आहे. ‘पण’, ‘परंतु’ यांच्या आधी स्वल्पविराम द्यावा, त्यांच्यानंतर नको, एवढे पाळले तरी वाचणाऱ्याची अर्धी अडखळ जाते.

वाचून दाखवणे

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. दखलपात्र गुन्ह्याची तोंडी दिलेली माहिती लिहून घ्यावी, ती माहिती देणाऱ्याला वाचून दाखवावी, तिच्यावर त्याची सही घ्यावी, हे जुन्या कलम १५४ मध्ये होते. नव्या कलम १७३ मध्येही आहे. प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्कही आहे. वाचून दाखवले जाते तेव्हा बहुतेकांचे कान नावे, तारखा आणि रकमा यांकडे असतात. ‘म्हणून’, ‘असता’, ‘आणि’ हे शब्द आपण उच्चारले होते का, हे त्याच वेळी पाहता येते. फिर्याद सांगणाऱ्याने ‘मी कारण सांगितले नव्हते, नुसता गेलो होतो’ असे म्हटले, तर सही होण्याआधी वाक्य दुरुस्त करून मागता येते.

तपासात साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबाचे मात्र वेगळे आहे. तो लिहून घेतला तरी त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. न्यायालयात साक्ष देताना तो काही निराळे बोलला, तर विसंगती दाखवण्यासाठी बचाव पक्षाला त्या जबाबाचा आधार घेता येतो. जबाबात राहून गेलेली महत्त्वाची गोष्टही संदर्भ पाहून विसंगती ठरू शकते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून पुन्हा आपल्या बोलीत सांगतो : दारं फोडलं, मी गेलो, बोलाचाली झाली. समोरच्या कागदावर त्याच तीन वाक्यांच्या मध्ये ‘म्हणून’ लिहिलेला असतो आणि प्रश्न विचारला जातो तो त्या शब्दाबद्दल.